नववीचा जून

पत्र असं आहे:

"आदरणीय बाई, आम्ही राजारामपुरीत राहतो. मिस्टर शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहेत. ग्राहक कंपनीच्या कामासाठी येत्या जूनपासून दोन वर्षं त्यांना जर्मनीत, श्टुटगार्टजवळ पाठवतायत. साहेब म्हणतात, 'तीनही होतील.' थोरली सहावीत आहे, मराठी शाळा, सेमी इंग्रजी. पाचवीच्या स्कॉलरशिपला जिल्ह्याच्या यादीत आली होती. धाकटा मोठ्या शिशुत, ऑगस्टमध्ये सहा पूर्ण होतील. सासूबाई म्हणतात, थोरलीला आमच्याकडं ठेवा, तिची शाळा मोडू नका. सासरे म्हणतात, मी बोर्डिंगात राहूनच शिकलो, काय बिघडलं? मिस्टरांना इंटरनॅशनल स्कूल हवंय. जाऊबाई म्हणतात, इथलंच ऑनलाइन घरी बसून करून घ्या. तिथल्या सरकारी शाळेचं नाव कुणीच काढत नाही, कारण सगळं जर्मनमध्ये. मी पतसंस्थेत आहे, बिनपगारी रजा मिळेल. रात्री झोप लागत नाही. कुणाचं ऐकू?"

ताई, सगळ्यात आधी जाऊबाईंचा पर्याय काढून टाकते, म्हणजे चौघांतला एक कमी होईल. जर्मनीत मुलाला घरी ठेवून शिकवता येत नाही. कायदाच नाही तसा. मूल तिथं राहतंय म्हटल्यावर ते शाळेत जाऊन बसलंच पाहिजे, आईबाप कितीही शिकलेले असोत. इथलं ऑनलाइन शाळेच्या वेळेनंतर हौसेनं करा, शाळेऐवजी नाही.

आपल्या कोल्हापूरकरांना याचं नवल वाटायचं कारण नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला होता. त्या काळचा एक रुपया! जर्मनांमध्ये प्रशियाच्या राजानं १७६३ सालीच सक्तीचा हुकूम काढला होता, पण सगळ्या देशाच्या राज्यघटनेत ती आली १९१९ मध्ये. म्हणजे तुम्ही काही फार परक्या विचारांच्या मुलखात निघालेल्या नाही.

आता सासरेबुवा. त्यांचा मान राखून सांगते, बोर्डिंगाचा दाखला इथं उलटा लागू पडतो. ती पोरं घर सोडून कोल्हापुरात आली, कारण गावात शाळा नव्हती. शाळा जिथं होती तिथं मूल गेलं. तुमच्या मुलीच्या आईबापांसोबत शाळा आहे आणि भाऊही आहे. तिला तेवढी मागं ठेवायची ती कशासाठी? पुढच्या स्कॉलरशिपसाठी? मी एकतीस वर्षं शिकवलं, त्यातली दहा-बारा स्कॉलरशिपचे जादा तास घेण्यात गेली. त्या परीक्षेवर माझा राग नाही. पण बारा ते चौदा या वयातल्या मुलीनं आईपासून लांब राहावं एवढी काही ती मोठी नाही. मुलगी दहावी-बारावीला असती तर मीच म्हटलं असतं, आजीकडं राहू दे. सातवी-आठवीला नाही.

राहिली इंटरनॅशनल स्कूल आणि सरकारी शाळा. इथं जरा थांबू.

इंटरनॅशनल स्कूलची फी तिकडं वर्षाला १५ ते २० हजार युरो सहज असते, एका मुलाची. युरोमागे शंभर रुपये धरले तरी काय होतं ते तुम्ही पतसंस्थेतल्या, तुम्हाला मी काय सांगायचं. कंपनी देणार असेल तर 'बघू, करू' यावर जाऊ नका. किती मुलांची, किती वर्षांची, मुदत वाढली तर पुढची कोण देणार, हे नेमणुकीच्या पत्रात लिहून घ्या. पण फी कंपनीनं भरली तरी माझा प्रश्न वेगळाच आहे. तुमची लेक सेमी इंग्रजीतली. गणित-विज्ञान इंग्रजीतून वाचते, पण मधल्या सुट्टीत भांडते मराठीत. तिला इंग्रजी शाळाही परकीच. मग परक्या भाषेतच पडायचं असेल तर खालच्या मजल्यावरची पोरं जी बोलतात, बेकरीवाली जी बोलते, त्या भाषेत का पडू नये? इंटरनॅशनल स्कूलमधली मुलं बहुतेक येऊन-जाऊन असणाऱ्या घरांतली. दोन वर्षं जर्मनीत काढून 'गुटन मॉर्गन'च्या पुढं न गेलेली मुलं असतात. थोरली नववी-दहावीत असती आणि कंपनी पैसे देत असती, तर मी मिस्टरांच्या बाजूनं झाले असते. आज नाही.

सरकारी शाळेत फी नाही. तुम्ही जाताय त्या राज्यात, बाडन-वुर्टेमबेर्गमध्ये, पाठ्यपुस्तकंही शाळा वापरायला देते. शिक्षण तिथं ज्या त्या राज्याकडं असतं, म्हणून बर्लिनच्या नातेवाइकांचा सल्ला श्टुटगार्टला तंतोतंत लागू पडेलच असं नाही, हे आधीच सांगून ठेवते. जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी बऱ्याच शाळांत पूर्वतयारीचा वर्ग असतो, फोरबेराइटुंग्सक्लास म्हणतात. आधी तिथं भाषेवर भर, मग जसजसं जमेल तसतसं नेहमीच्या वर्गात बसवतात. सुरुवात बहुधा गणित, चित्रकला, खेळ अशा तासांनी होते. घर बघताना भाड्यासोबत एक चौकशी करा, की जवळच्या कुठल्या शाळेत असा वर्ग आहे. आधी घर घेऊन मग शाळा शोधत बसलात तर मुलीला रोज ट्रामनं शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागेल.

तिथं चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या शाळांत विभागणी होते. त्यातल्या अभ्यासाच्या दृष्टीनं सगळ्यात वरच्या शाळेचं नाव गिम्नासियुम. सासऱ्यांना तेवढं आधी सांगून ठेवा, नाहीतर जिमसारखं नाव ऐकून नात तालमीत घातली म्हणून पेठेत पेढे वाटतील. पूर्वतयारीचा वर्ग गिम्नासियुमला जोडलेला असेलच असं नाही. दुसऱ्या शाळेला असला म्हणून नाराज होऊ नका. तिथंच कायम राहणाऱ्याला त्या विभागणीची धास्ती असते. तुम्हाला परत यायचंय.

आणि जर्मनची एवढी भीती घालून घेऊ नका. इंग्रजी माध्यमातल्या मुलापेक्षा मराठी मुलाला ती एका बाबतीत सोपी जाते, हे फारसं कुणी सांगत नाही. मराठीत तो-ती-ते, तशी जर्मनमध्ये नामांची तीन लिंगं: डेअर, डी, डास. टेबल पुल्लिंगी की नपुंसकलिंगी, असला प्रश्न इंग्रजी बोलणाऱ्याला चक्रावून टाकतो. आपण 'ते टेबल' आणि 'ती खुर्ची' जन्मापासून म्हणत आलोय. शब्दागणिक लिंग पाठ करावं लागतंच, पण असं काही असतं हे समजावून द्यावं लागत नाही. आकड्यांचंही तसंच. २३ ला जर्मन म्हणतात 'ड्राय-उंट-त्स्वान्त्सिश', तीन आणि वीस. आपला तेवीस दुसरं काय सांगतो? २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस तीन' असं म्हणायला सुचवलं तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता. तुमच्या लेकीला तिथं तो जुना तेवीसच कामाला येईल.

धाकट्याचं थोडक्यात. त्या राज्यात ३० जूनपर्यंत सहा पूर्ण झालेल्या मुलाला सप्टेंबरात पहिलीत घालावंच लागतं. तुमचा ऑगस्टचा, म्हणजे निर्णय बराचसा तुमच्या हातात. मी म्हणेन, याच सप्टेंबरात घाला. दोन वर्षांनी आलात तर इथं तो तिसरीत बसायचा आहे, तिथली पहिली आणि जवळजवळ दुसरी झालेली असली तर सांधा बरोबर बसतो. शिवाय तिथली पहिली म्हणजे सगळ्यांचीच पाटी कोरी, बालवाडीत अक्षरं गिरवून घ्यायची पद्धत तिकडं नाही. मात्र शाळेनंच सांगितलं की अजून एक वर्ष थांबू द्या, तर वाद घालू नका. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात त्याच्या उंचीच्या निम्म्याहून मोठा पुठ्ठ्याचा शंकू असतो, चॉकलेट, पेन्सिली, खेळण्यांनी भरलेला. शूलट्यूटं त्याचं नाव. तो घरच्यांनीच करून न्यायचा असतो. हे माहीत नसलं तर वर्गात तुमचा एकटाच रिकाम्या हातानं उभा राहील, आणि सहा वर्षांचं पोर ते साठाव्या वर्षापर्यंत विसरत नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही चौघं-पाचजण जायच्या शाळेवरून भांडताय. माझ्या मते प्रश्न परत यायच्या वर्गाचा आहे.

हिशेब करू. थोरली सातवी आणि आठवी तिकडं करेल. दोन वर्षांनी परत आलात तर जूनला नववीत. ठीक. आठवीपर्यंत २००९ चा शिक्षण हक्क कायदा पाठीशी असतो, मूल वयाप्रमाणे वर्गात बसतं. नववीला शाळा स्वतःची परीक्षा घेऊन बघेल, पण पहिली-दुसरी भाषा, बोर्डाची पुस्तकं, पेपर लिहायची सवय, या सगळ्याला हाताशी पुरी दोन वर्षं मिळतात. पण साहेबांचं ते 'तीनही होतील' खरं झालं, तर मुलगी थेट दहावीत येऊन उभी राहील. दहावीच्या जूनला परदेशातून आलेलं मूल घ्यायला शाळा राजी नसतात, आणि त्यात सगळा दोष शाळेचा नाही. मग धावाधाव सुरू होते: सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवू का, एनआयओएस करू का. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा, १९८९ पासून आहे, तिची दहावी मान्यताप्राप्तच आहे. पण चांगल्या चाललेल्या मुलीला तिकडं वळवावं लागणं ही वाट चुकल्याची खूण.

आणखी एक आहे, जे लोकांना बारावीनंतर कळतं. उद्या ती डॉक्टर व्हायचं म्हणाली, तर राज्यातल्या सरकारी मेडिकलच्या ८५ टक्के जागांसाठी साधारण नियम असा, की दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच झालेल्या हव्यात. काही सवलती आहेत, पण खासगी फाउंड्रीवाल्यांसाठी नाहीत. ती डॉक्टर होईल की नाही कोण जाणे. दार मात्र तुमच्या हातून लागायला नको.

म्हणून जायच्या आधी, मिस्टर आणि तुम्ही, एवढं एकच ठरवून घ्या: थोरलीच्या नववीचा जून कोल्हापुरात. साहेबांनी तिसरं वर्ष दिलं तर मिस्टर एकटे राहतील, तुम्ही तिघं परत याल. हे आत्ता बोला. तिकडं गेल्यावर तिसऱ्या वर्षाचा पगार समोर दिसायला लागला की माणूस म्हणतो, एवढं एक वर्ष काढू, पोरगी हुशार आहे. हुशार पोरांच्याच बाबतीत असं होतं.

तिथलं शाळेचं वर्ष सप्टेंबरच्या मध्याला सुरू होऊन जुलैअखेर संपतं. म्हणजे जूनमध्ये पोचलात तर लगेच घाला, सुट्टी लागायला सहा-सात आठवडे असतील. परीक्षा नाही, ओझं नाही, नुसते कान तयार होतील. येताना मात्र उलट, मे महिन्यात वर्ष अर्धवट सोडून निघावं लागेल. त्या वेळी शाळेकडून शिक्का असलेलं लेखी घ्या, की अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अमुक इयत्तेत होती. फेब्रुवारीच्या आसपास मिळणारं सहामाही प्रगतिपत्रकही जपून आणा आणि दोन्हींचं इंग्रजी भाषांतर तिथूनच करून घ्या. इथल्या क्लार्कला एक गोष्ट तुम्हीच समजावून सांगा: जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ६ म्हणजे नापास. आमच्या ऑफिसात एकदा असं प्रगतिपत्रक आलं होतं, सगळ्या विषयांत १ आणि २. क्लार्क माझ्या कानात म्हणाला, "बाई, पोरगं फारच ढ दिसतंय."

त्याच मुलाचं माझ्या हातून जे झालं तेही सांगून टाकते. सहावीत बसवला होता त्याला. पहिल्या घटक चाचणीत त्यानं साडेबारा लिहिले '१२,५'. मी लाल पेनानं काट मारली. पुढं एक हजार दोनशे लिहिले '१.२००'. पुन्हा काट. भागाकाराला नुसते दोन ठिपके, सात आकड्याच्या पोटात आडवी रेघ. दहापैकी तीन गुण. पोरगा काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याची आई त्याची जर्मन वही घेऊन आली आणि टेबलावर उघडून ठेवली. तिकडं दशांशाला स्वल्पविराम देतात आणि हजाराला टिंब! त्याची सगळी उत्तरं बरोबर होती. दहापैकी दहा. मी वर्गात त्याच्यासमोर गुण बदलले, पण तोवर तीन दिवस ते पोर स्वतःला ढ समजून बाकावर बसलं होतं. तेव्हा परत आल्यावर पहिल्या आठवड्यात गणिताच्या बाईंना भेटा आणि वही दाखवा. आम्हाला सगळं येतं असं समजू नका.

मराठीचं आत्तापासून बघा. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, म्हणजे उद्या तुम्ही सीबीएसईचा विचार केलात तरी ती चुकत नाही. बोलण्याची काळजी करू नका, घरात बोलाल तोवर बोलतील. जातं ते लिहिणं. धाकट्याचं तर अजून आलेलंच नाही. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात, तरी छापील संच बॅगेत टाका: सातवी, आठवी आणि धाकट्याची पहिली, दुसरी. सगळे विषय नकोत. मराठी आणि गणित. रविवार धरून रोज अर्धा तास. इतिहास-भूगोल नववीच्या उन्हाळ्यात भरून काढता येतो.

हे काम तुम्ही एकटीनं करू नका. तुम्हाला वेळ होणार नाही आणि आई शिकवायला बसली की भांडण ठरलेलं. ते सासूबाईंना द्या. उन्हाळ्यात आपलं घड्याळ साडेतीन तास पुढं असतं, हिवाळ्यात साडेचार. पोरं दीडच्या सुमाराला घरी आली की इथं पाच-सहा वाजलेले असतात, चहा झालेला असतो. आजींनी फोनवर पाच ओळी शुद्धलेखन घालायचं, नातवंडांनी लिहून फोटो पाठवायचा, आजोबांनी तपासायचा. मुलीला ठेवून घ्या म्हणताना त्यांना नक्की काय हवं होतं, ते यातून बरंचसं मिळेल असं मला वाटतं.

किरकोळ पण अडवणाऱ्या दोन गोष्टी. १ मार्च २०२० पासून तिथं मुलाला शाळेत घालताना गोवरच्या दोन लशींचा पुरावा दाखवावा लागतो, नसला तर शाळा आरोग्य खात्याला कळवते. लसीकरणाचं कार्ड शोधा. पावसात भिजून शाई पसरली असेल तर डॉक्टरांकडून इंग्रजीत, तारखांसकट दाखला घ्या. आणि इथल्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला रीतसर काढा, 'परत तर यायचंच आहे' म्हणून नाव पटावर तसंच ठेवू नका. त्यावरचा पेन नंबर, म्हणजे युडायस या सरकारी शाळा-नोंदीतला विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक, वहीत उतरवून ठेवा. परत येताना तोच विचारतात.

तुमच्याबद्दल पत्रात एकच ओळ आहे, बिनपगारी रजेची. मिस्टरांना कारखाना असेल, पोरांना शाळा असेल. तिथं प्रत्येक शहरात फोल्क्सहोखशूलं असते, स्वस्तात संध्याकाळचे भाषेचे वर्ग चालवते. पहिल्या महिन्यातच नाव घाला. पालकसभेत मिस्टरांच्या तोंडाकडं बघत बसणारी आई मुलांना बरोबर कळते. जमलं तर पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनाचा ऑनलाइन वर्ग इथूनच सुरू करा, थोरलीला शेजारी बसवून.

हां, आणि मे महिन्यात दोघांना पोहायला शिकवा. तिकडं पोहणं शाळेच्या तासात असतं, बऱ्याचदा मुलामुलींना एकत्र. तुमच्या सासऱ्यांच्या पिढीनं पाठीला डबा बांधून पंचगंगेत उड्या मारल्यात. तेवढं काम त्यांच्याकडं द्या, फक्त या वेळी नदीऐवजी तलावावर.

शुद्धलेखनाच्या वह्या इथूनच न्या, दुरेघी. तिथल्या वह्यांच्या रेघा निराळ्या असतात, वेलांट्या मावत नाहीत.